खुणेवर कापलेली बाही

असं समज, तू आरशासमोर आहेस आणि तुझ्या अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट आहे. खांदे ठीक बसलेत, बटणंही लागतात. पण हात खाली सोडलेस की हात जातात. आधी मनगट जातं, मग तळवा, शेवटी बोटांची टोकंही जातात, आणि बाहीच्या तोंडातून काही म्हणजे काही बाहेर दिसत नाही. आता तुझं वय खूप वाढव. बासष्ट कर. डोक्यावरचे केस काढून टाक, कानांपाशी थोडे राहू दे. उजव्या तळव्याला एक कडक घट्टा दे, कारण या माणसाने सदतीस वर्षं एका छापखान्यात पुस्तकं कापायच्या यंत्राचा दांडा ओढला. पुस्तकं शिवायचं काम लांब टेबलावर बसून बायका करत. याच्याकडे शिवून, चिकटवून, वाळवून झालेला गठ्ठा यायचा, आणि हा त्याच्या तीन कडा छाटायचा. सगळे त्याला कटिंगवाला म्हणत. आपणही तेच म्हणू. तर हा कटिंगवाला आरशासमोर उभा आहे, दुपारचा दीड वाजलाय, आणि मागे पलंगावर बसलेली त्याची नऊ वर्षांची नात हसत हसत विचारते, "आजोबा, तुमचे हात कुठे गेले?"

हसण्यासारखंच होतं, म्हणून तोही हसायला गेला, पण हसू तोंडापर्यंत आलंच नाही. कोट थोरल्या भावाचा होता. भाऊ जाऊन महिना झाला होता. तो एका शाळेचा मुख्याध्यापक होता, आणि आज संध्याकाळी पाच वाजता त्या शाळेच्या सभागृहात त्याच्या मोठ्या फोटोवरचा पडदा बाजूला करायचा होता. पडदा धाकट्या भावाने ओढायचा असं ठरलं होतं. वहिनीने एका माणसाबरोबर कोट आजच पाठवला होता आणि फोनवर सांगितलं होतं, "कोट घालूनच या भावजी. दर वर्षी बक्षीस समारंभाला हे हाच घालायचे. लोकांच्या डोळ्यांत बसलाय तो." म्हणजे सभागृह तेच, व्यासपीठ तेच, कोटही लोकांच्या ओळखीचा. फक्त आत माणूस वेगळा, आणि त्या माणसाला हात नाहीत. पडद्याची दोरी तो बाहीतून ओढणार होता.

हात कुठे गेले, हा प्रश्न त्याला दुसऱ्यांदा विचारला गेला होता. पहिल्यांदा विचारणारे एक पाहुणे होते, जाड भिंगांच्या चष्म्याचे, आणि तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सुवाच्य अक्षराचं बक्षीस होतं. शाळेचा कोट अर्थातच भावाचा. भावाचे बूट, भावाचं दप्तर, भावाच्या वहीतली उरलेली कोरी पानं, सगळं त्याच्याकडे उतरत उतरत यायचं आणि पोचेपर्यंत थोडं झिजलेलं, थोडं मोठंच असायचं. पाहुण्यांनी बक्षिसाचं पुस्तक पुढे केलं. त्याने हात पुढे केला, पण पुढे आली ती बाही. पाहुण्यांनी तिच्यात वाकून पाहिलं, विहिरीत पाहतात तसं, आणि ध्वनिक्षेपकासमोरच म्हणाले, "अरे, ज्या हाताने एवढं सुंदर लिहिलंस तो हात कुठे आहे?" सभागृह हसलं. तो पाहुण्यांकडे बघत नव्हता. तिसऱ्या रांगेत पालकांमध्ये बसलेल्या भावाकडे बघत होता, आणि भाऊ मान मागे टाकून हसत होता. दुसऱ्या दिवसापासून शाळेत त्याचं नाव बिनहात्या पडलं. सातवी, आठवी, नववी. नावं कपड्यांसारखी तोकडी होत नाहीत. पुढे कधीतरी कटिंग यंत्रावर सुरक्षेची सूचना वाचून दाखवताना फोरमन म्हणाला होता, हात सांभाळ बाबा, आणि याने उगाचच दोन्ही हात खिशात घातले होते.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला त्याने कोट दाखवून आणला. शिंपी बाही उलटीसुलटी न करताच म्हणाला, "परवा." कटिंगवाला म्हणाला, "आज पाचला घालायचाय." शिंपी म्हणाला, "मग कालच यायचं ना काका." शिवणारी बायको तीन वर्षांपूर्वी गेली, मुलगी म्हणजे नातीची आई सकाळीच कामावर गेलेली, आणि तिला तरी कुठे बटणापलीकडे येतं. त्याने शेजारच्या दुकानातून इस्त्रीने चिकटणारी पट्टी आणली. पारदर्शक, जाळीसारखी, पाकिटात गुंडाळलेली. पाकिटावर चित्रं होती: बाही उलटी करा, घडी घाला, मध्ये पट्टी ठेवा, वर ओला कपडा, दहा अंक मोजेपर्यंत इस्त्री दाबा. सुई कुठेच नव्हती. हे जमेल, त्याला वाटलं. हा तर डिंकाचाच धंदा.

"तू माझी मदतनीस," तो नातीला म्हणाला. "तुझी मोजायची पट्टी आण, आणि फळ्याचा खडू."

"पगार?"

"आधी काम बघू."

मापाचं त्याने तिला नीट समजावलं, कारण समजावायला त्याला आवडायचं आणि ती नीट ऐकायची. हात ताठ ठेवायचा नाही. ताठ हातावर घेतलेलं माप खोटं असतं. हात सैल सोडायचा, कोपर किंचित वाकवायचं, कारण माणूस दिवसभर तसाच असतो. अंगठा जिथे मनगटाला भेटतो तिथलं हाड बोटाने शोधायचं. बाही तिथे थांबली पाहिजे. नातीने हाड शोधलं. शोधताना तिच्या स्वतःच्या जाकिटाची बाही घसरून तिच्या बोटांवर आली. तिने ती दातांनी वर ओढली आणि पुन्हा कामाला लागली. ते जाकीट तिच्या ताईचं होतं. सकाळी शाळेत जाताना बाह्या दोनदा दुमडूनही लोंबत होत्या, आणि ती कुरकुरली तेव्हा चहा पिता पिता कटिंगवालाच म्हणाला होता, "वर्षभरात पुरं होईल बघ." आत्ता त्याला ते आठवलं नाही. तो आरशात तिने ओढलेल्या खडूच्या रेघेकडे बघत होता. कडेपासून बरोबर चार बोटं वर. उजव्या बाहीवर एक रेघ, डाव्या बाहीवर एक. बाहीवरची शोभेची बटणं तिने छोट्या कात्रीने काढून वाटीत टाकली होती.

कोट टेबलावर पसरला आणि त्याला बरं वाटलं. पसरलेल्या, सपाट वस्तूपुढे त्याला नेहमीच बरं वाटायचं. माणसं सपाट नसतात, त्यांच्यात आत काहीतरी दुमडलेलं असतं. कागदाचं तसं नाही. गठ्ठा ठोकून सारखा करायचा, खुणेवर पातं आणायचं, दांडा ओढायचा. खूण म्हणजे शेवट. खुणेच्या पुढे केसभर कागद राहिला तर माल परत यायचा, आणि सदतीस वर्षांत त्याचा माल परत आला नव्हता. त्याने मोठी कात्री घेतली.

"पाकिटावर आधी उलटी करा म्हणलंय," नात म्हणाली.

"ते शिकाऊ लोकांसाठी. आधी छाटायचं, म्हणजे कड सरळ येते."

"मग घडी कुठे घालायची?"

"गप. रेघ हलेल."

कात्री कापडात शिरली आणि त्याच्या लक्षात आलं की कापड कागदासारखा आवाज करत नाही. कागद कापताना एक कोरडा, समाधानी आवाज येतो; हे नुसतंच चावल्यासारखं वाटलं, जाड, गुपचूप. वरचं लोकरी कापड, आतलं गुळगुळीत अस्तर, दोन्ही एकदम. रेघ त्याने तसूभरही सोडली नाही. उजवी बाही खुणेवर तंतोतंत कापली गेली आणि चार बोटं रुंदीचं एक कडं सुटून टेबलावर पडलं. मग तो बाहीच्या नव्या तोंडाकडे बघत राहिला. धागे सुटायला लागले होते. अस्तर आतल्या आत मागे सरकत होतं. आत दुमडायला काहीच उरलं नव्हतं. आता दुमडलं तर बाही हाडाच्याही वर जाणार, आणि नाही दुमडलं तर पाच वाजेपर्यंत तिची झालर होणार. पुस्तक छाटलं की संपतं. कोट छाटला की सुरू होतो, हे त्याला बासष्टाव्या वर्षी नऊ वर्षांच्या मुलीसमोर कळलं. मुलीने चित्रांचं पाकीट हळूच उपडं ठेवलं. ती समजूतदार होती, आणि तेच जास्त लागलं.

काहीतरी करायचं म्हणून त्याने ते कडं उचललं आणि उलटं केलं. आत कापड तीन बोटं वर दुमडलेलं होतं. म्हणजे बाही आधीच एकदा आखूड केलेली होती. त्याने अस्तर थोडं उचकटलं. टाके हाताचे होते, बाटलीच्या हिरव्या रंगाच्या दोऱ्याचे, बारीक, तिरपे, आणि सगळे डावीकडे कललेले. जगातल्या सगळ्या हातशिलाईचे टाके एकीकडे कलतात आणि एका बाईचे, त्याच्या आईचे, दुसरीकडे कलायचे, कारण ती डावखुरी होती. ते टाके त्याने हजार वेळा पाहिले होते. उशीच्या अभ्र्यावर, परकराच्या नाडीवर, त्याच्या दप्तराच्या पट्ट्यावर. आणि दप्तराचा पट्टा याच हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता. तो पट्टा तुटला होता बक्षीस समारंभाच्या त्याच हिवाळ्यात.

कोट मुळात वडिलांचा. वडील गेल्यावर तो कपाटात टांगलेला असे आणि त्याला कुणी हात लावत नसे. मग भाऊ एकोणीस वर्षांचा झाला, त्याला मास्तरकीच्या मुलाखतीचं पत्र आलं, आणि कोट बाहेर निघाला. भाऊ वडिलांएवढा उंच कधीच नव्हता. तरी कोट त्याच्या अंगावर शिवल्यासारखा बसला होता, आणि बिनहात्या तेव्हा धरून चालला होता की थोरल्यांना सगळं आपोआपच मापाचं होतं. आईला त्याने विचारलं होतं. समारंभाच्या आधी चार दिवस, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, शाळेच्या कोटाच्या लांब बाह्या पंखांसारख्या हलवत. ती भांडी पुसत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "कोटाच्या बाह्या घरी होत नाहीत बाळा. ते शिंप्याचं काम. वर्षभरात पुरा होशील तू." त्याने विश्वास ठेवला. पन्नास वर्षं ठेवला. त्याची बायको शिवायची तेव्हाही, तिने कुणाच्यातरी कोटाला हात घातला की तो सांगायचा, ते घरी होत नाही, माझी आई म्हणायची. आणि आता हे टाके हातात. एकेक टाका मोजून, न घाई करता, न सुरकुती पडू देता घातलेला. घरी होतं. फक्त त्याच्यासाठी होत नव्हतं.

तो वर्षभरात पुरा झाला नाही. हीसुद्धा एक गंमतच. भावाचा शाळेचा कोट फाटला तेव्हाही त्याच्या बाह्या लांबच होत्या. पुढे तो घरातून निघाला, छापखान्यात चिकटला, आईला पत्र लिहायचा ते चार ओळींचं, सुवाच्य अक्षरात. भावाकडे ती अंथरुणाला खिळून होती दीड वर्ष. तो दोनदा गेला. दुसऱ्यांदा तिने त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला होता, तळव्यावरच्या घट्ट्यावरून अंगठा फिरवला होता, आणि काहीतरी बोलणार होती. त्याने गाडीची वेळ सांगून हात काढून घेतला होता. गाडीला तेव्हा दोन तास होते.

फोन वाजला. नातीने उचलून त्याच्या कानाला लावला, कारण त्याच्या एका हातात कात्री होती आणि एका हातात कडं.

"भावजी, कोट बसला ना? साडेचारला गाडी पाठवते." वहिनीच्या मागे खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. ती आधीच सभागृहात पोचली होती.

"वहिनी, याच्या बाह्या कुणी केल्या होत्या?"

"बाह्या? अहो, त्या तर सासूबाईंनी. आमच्या लग्नाच्या कितीतरी आधी. मुलाखत होती ना यांची. तीन दुपारी बसल्या होत्या म्हणे."

"मला म्हणाली होती, घरी होत नाहीत."

पलीकडे वहिनी कुणालातरी म्हणाली, तो फोटो जरा डावीकडे घ्या. मग तिचा आवाज जवळ आला. "म्हणजे यांनी तुम्हाला कधी सांगितलंच नाही?"

"काय?"

"तुमचाही कोट तिथेच होता हो, शाळेचा. सासूबाईंनी दोन्ही काढून ठेवले होते. म्हणाल्या, धाकट्याचा समारंभ आहे, आधी त्याचा उरकते. तर हे म्हणाले, त्याचं काय एवढं, तो वाढेल. माझा कर. आणि डावी बाही दोनदा उसवायला लावली, मनासारखी होईना म्हणून. मग राहिलाच तुमचा. आधी हे हसत सांगायचे. अलीकडे हसत नव्हते. म्हणून तर जायच्या आधी म्हणाले, तो कोट त्याला द्या. बाह्या त्याच्या मापाच्या करून द्या, असंही म्हणाले. तेवढं मात्र राहूनच गेलं बघा. इतकी माणसं, इतकी धावपळ, कुठे जाऊ शिंप्याकडे? तुम्ही घ्याल ना करून?"

"घेतोय," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो खुर्चीवर बसला. राग कुठेतरी ठेवायला हवा होता आणि जागा सापडत नव्हती. पन्नास वर्षं तो आईवर ठेवलेला होता, नीट ठोकून, कडा सारख्या करून. तिथून उचलून आता भावावर ठेवावा तर भावाचा फोटो झालेला. फोटोवर रागावणं म्हणजे बंद दुकानाबाहेर उभं राहून भाव करणं. आणि आई तरी सुटली का? ती नाही म्हणू शकली असती. एकोणीस वर्षांचा मुलगा म्हणजे काही फौजदार नव्हे. पण तिने ऐकलं, आणि मग स्वतःची लाज झाकायला धाकट्याला एक वाक्य दिलं. थोरल्याकडून उतरलेलं वाक्य, तेही थोडं मोठंच. ते त्याने इतकी वर्षं वापरलं. गाडीच्या दोन तास आधी त्याने हात काढून घेतला तेव्हा ती तेच सांगणार होती का? की नुसतं विचारणार होती, हात दुखतो का म्हणून? हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं, आणि साडेतीन वाजले होते.

"आजोबा, दुसरी पण कापायची?" नातीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "दुसरीला कात्री लावायची नाही."

डावी बाही त्यांनी पाकिटावरच्या चित्राप्रमाणे केली. उलटी केली. खुणेवर आत दुमडली, आईच्या घडीसकट, तिच्या दोनदा उसवलेल्या टाक्यांसकट. मध्ये पट्टी ठेवली, वर ओला रुमाल. त्याने इस्त्री दाबली आणि नातीने दहापर्यंत मोजलं, मुद्दाम सावकाश. वाफेबरोबर जुन्या लोकरीचा वास आला, कपाटाचा, आणि त्याखाली आणखी कुठलातरी, जो ओळखायचा नाही असं त्याने ठरवलं. बाही जाड झाली, थोडी फुगलेली, पण मापाची झाली. उजवीचं तेवढं सोपं नव्हतं. सुटलेले धागे छाटून, अस्तर ओढून आणून, एक बोटभर आत दुमडून चिकटवावी लागली. कापलेलं कडं त्याने आधी कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेलं, मग परत आणून टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

त्याने कोट अंगात घातला. आरशात दोन हात होते. डावा बरोबर हाडापाशी सुरू होत होता. उजव्याचं सगळं मनगट उघडं पडलं होतं, घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा व्रण आणि बारीक पांढरे केस यांसकट. दोरी याच हाताने ओढायची होती. व्यासपीठावर, दिव्यांखाली, हात वर केल्यावर बाही आणखी मागे जाणार. जाऊ दे. बघू देत सगळ्यांना. एवढा हात बघितलाय कुठे त्यांनी.

"एक आखूड झाली," नात म्हणाली.

"हो."

"रेघेवर कापली म्हणून ना? पुढे कापायला हवी होती. दुमडायला ठेवून."

"दोन बोटं पुढे."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"मला आत्ता कळलं."

तिने मान हलवली, पटल्यासारखी. मग तिने आपलं जाकीट काढलं, ताईचं. टेबलावर जिथे कोट होता तिथे पसरलं. बाह्यांच्या दुमडी उलगडल्या, बाह्या उलट्या केल्या, आणि एका बाहीत आपला हात सैल सोडून, कोपर किंचित वाकवून, मनगटाचं हाड शोधायला लागली. तो म्हणणार होता. वर्षभरात, इथपर्यंत शब्द जिभेवर आलाच होता. तिचं लक्ष नव्हतं. तिने हाडापाशी खडूने एक रेघ मारली. रेघेच्या पुढे आपली दोन बोटं ठेवून पाहिली. तिला ती फार बारीक वाटली असावीत. तिने मान वर न करता त्याचा उजवा हात धरून टेबलावर ओढला, त्याची दोन बोटं कापडावर रेघेला लावून आडवी ठेवली, आणि त्यांच्या पलीकडून, हळूहळू, दुसरी रेघ मारली.